बिल्ला गवराबाईच्या नावावर

गवराबाई गेली हे गावाला त्याच सकाळी कळलं. पंचायतीला ते पंधरा दिवसांनी, मंगळवारी कळणार होतं. पंचायतीला डोळे-कान नसतात, रजिस्टर असतं.

रजिस्टर पंचायतीचे चिटणीस सोपानराव यांच्या ताब्यात होतं. त्यांनी गवराबाईच्या तिरडीला खांदा दिला होता. तेराव्याला ते दोनदा आमटी मागून जेवले होते. तरी तिचा नवरा गेनू समोर उभा राहिला तेव्हा त्यांनी चष्मा चढवला आणि विचारलं, “काय काम काढलंत, गेनूभाऊ?”

“घरातली गेली. नोंद करायचीय.”

“घरातली म्हणजे कोण? नाव सांगा.”

गेनूनं तीस वर्षांत बायकोचं नाव चारचौघांत घेतलं नव्हतं. ते त्यानं जमिनीकडं बघत घेतलं. सोपानरावांनी टाक बुडवला, आणि तो तसाच धरून ठेवला.

“ह्यांच्या नावावर कुत्रं आहे.”

ते खरं होतं. पिंपरीकडं कारखाना आला. कारखान्याबरोबर साहेब आले आणि साहेबांबरोबर त्यांची भीती आली. गावची कुत्री चावतात असा अर्ज झाला. पंचायतीनं लगेच कायदा केला. प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला, आणि वहीत मालकाचं नाव. बिनबिल्ल्याच्या कुत्र्याला शनिवारी विषाचा गोळा. साहेबांच्या कुत्र्यांना बिल्ला लागत नव्हता. त्यांना कुंपण होतं.

“आधी माणसांना द्या बिल्ले,” असं म्हणून गेनू तेव्हा घरीच बसला होता. गवराबाई मात्र रांगेत उभी राहिली. खंड्याला काखोटीला मारून तिनं अंगठा दिला. जमीन गेनूच्या नावावर होती. घर गेनूच्या, बैल गेनूचे. सरकारदरबारी तिच्या नावावर एकच गोष्ट होती, आणि तिला शेपूट होतं.

“मालक मेला की बिल्ला रद्द,” सोपानराव म्हणाले. “कलम सात. बिल्ला रद्द झाला की कुत्रं बेवारस.”

“बेवारस कसं? माझ्या दारात बसतंय. माझी भाकर खातंय.”

“दार तुमचं. भाकर तुमची. कुत्रं त्यांचं.”

“मग माझ्या नावावर करा.”

“करू की. नवी नावं एप्रिलात घेतो.”

“आत्ता तर श्रावण चाललाय!”

“म्हणून तर एप्रिलात म्हटलं. तुम्ही वारस आहात, तुमचा हक्क कोण नाकारतंय? मृत्यूचा दाखला घ्या, त्याला जोडून अर्ज करा, पुढच्या महिन्यात सभेपुढं ठेवतो, एप्रिलात नाव चढेल.”

“आन् शनिवारी?”

“शनिवारी दाखल्याप्रमाणं कुत्रं बेवारस. गोळेवाला येईल.” सोपानरावांनी मान हलवली. “वाईट वाटतं हो. शेवटी मुकं जनावर आहे. पण कायदा तुमच्या सोयीसाठीच आहे.”

गेनूनं टाकाकडं बघितलं. टाकाच्या टोकाला शाई गोळा झाली होती.

“लिवलं का अजून?”

“नाही.”

“मग लिवू नका. ती मेली न्हाई.”

“अहो, मी स्वतः खांदा दिलाय!”

“तो सोपानरावांनी दिला. चिटणिसांना कुणी सांगितलंय व्हय?”

सोपानरावांनी कलमं चाळली. खांद्याबद्दल कुठंही काही नव्हतं. त्यांनी टाक पुसून ठेवला.

शनिवारी गोळेवाला आला. खंड्याच्या गळ्यातला बिल्ला वाचून पुढं गेला. त्या दिवशी गल्लीतली चार कुत्री गेली. त्यांचे मालक जिवंत होते, पण रांगेत उभे राहिले नव्हते.

मेल्यावर गवराबाईची प्रकृती चांगली राहिली. पंचायतीच्या लेखी तिला कधी तापही आला नाही. निवडणुकीत तर ती मतदानही करून आली. कुणाला केलं ते गेनूला कळलं नाही. पण जिवंतपणी तिला कुणी रांगेत पुढं सोडलं नव्हतं, तेव्हा बरं वाटलं.

एप्रिलात सोपानरावांनी वही उघडली. “चला, आता तुमच्या नावावर करून टाकू. मग बाईंची नोंद करायला मी मोकळा, तुम्ही मोकळे.”

“राहू द्या. तिचंच हाय ते.”

“मग बिल्ला नव्या वर्षाला चालू ठेवायला मालक हजर लागेल. अंगठा लागेल.”

“गुडघं धरल्यात तिचं. घरीच हाय.” गेनूनं स्वतःचा अंगठा शाईत बुडवून उठवला. सोपानरावांनी तो बघितला, बाहेर रस्त्याकडं बघितलं, आणि लिहिलं, ‘मालक समक्ष हजर.’ त्यापुढच्या एप्रिलात त्यांनी काही विचारलंच नाही. नुसती शाई पुढं केली.

त्याच पावसाळ्यात खंड्या म्हातारपणानं मेला. कोणत्याही कलमाखाली नाही, आपला आपण, उंबऱ्याशी. गेनूनं त्याला बांधाला पुरलं आणि बिल्ला पंचायतीत जमा केला, कारण तसा नियम होता.

“सुटलात,” सोपानराव म्हणाले. त्यांनी जन्ममृत्यूचं रजिस्टर स्वतः काढून, पान उघडून ठेवलं. “मागच्या तारखेनं लिहितो. कुणी विचारणार नाही. आता कशाची अडचण नाही बघा. एक अंगठा द्या.”

गेनूनं पानाकडं बघितलं. मोकळी ओळ होती.

“आज खुरपणीला बाया आल्यात,” तो म्हणाला. “उद्या येतो.”

ह्याला दोन वर्षं झाली. पंचायतीचं ऑफिस त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. गवराबाईच्या मृत्यूची नोंद अजून व्हायची आहे.