तोंड उघडं असलेला फोटो

"हा नको गं आई, यात बाबांचं तोंड उघडं आहे," दादा म्हणाला. भिंतीवर लावायला आईने नेमका तोच फोटो उचलला होता.

गिरणीत मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नसे, म्हणून बाबा नुसत्या ओठांनी बोलायला शिकले होते. निवृत्त झाले तरी चारचौघांत आईशी तसंच बोलायचे. आम्हा भावंडांच्या चहाड्यासुद्धा आमच्यादेखत व्हायच्या.

"बोलतायत ते," आई म्हणाली. "'जेवलीस का' म्हणून विचारतायत."

बाबा गेल्यापासून तिने अन्नाला हात लावला नव्हता. मी ताट घेऊन शेजारीच उभी होते.

फोटोकडे बघत तिने आवाज न काढता ओठ हलवले. तेवढं मलाही वाचता आलं.

"तुम्ही या, मग बसू."