बंद इंजिनाची तक्रार

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या गोठलेल्या सकाळी बाबाने कितव्यांदा तरी किल्ली फिरवली आणि गाडी पुन्हा नुसतीच खोकली.

शेजारी बसलेल्या ऊर्जाच्या डोक्यात तिडीक गेली. पहिल्याच तासाला तिची तोंडी परीक्षा होती आणि उशीर झाला की सरळ शून्य.

"रोज बरा इंजिन तापत ठेवून वर चहा ढोसायला जातोस," ती म्हणाली, "आज नेमकी मेली."

"अगं, पुण्यातल्या स्कूटरची सवय ती. थांब जरा."

तेवढ्यात तळमजल्यावरच्या फ्राऊ ब्योमर रात्रपाळीहून परतल्या. शेजारी गाडी थांबवून त्यांनी काच खाली केली. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायला इथे बंदी आहे, हे त्यांचं रोजचं पालुपद.

"बंद करा ते आधी," त्या ओरडल्या. "केवढा धूर झालाय!"

ऊर्जाने मागे वळून पाहिलं. धूर नव्हताच.

"टोमणे मारतेय बाई," ती फणकारली. "बाबा, सांग ना तिला, चालूच होत नाहीये म्हणून."

बाबाने काचेचं बटण दाबलं. काच हलली नाही. दारही उघडेना.

फ्राऊ ब्योमरांची नजर मात्र त्या दोघांवरून हळूहळू सरकत रस्त्याच्या टोकापर्यंत गेली, निघालेल्या गाडीमागे जाते तशी. "गेले एकदाचे," म्हणत त्यांनी हातही हलवला.

मग त्यांनी गाडी जरा पुढे घेतली. मागचे पांढरे दिवे लागले, आणि आरशात बघत, अगदी सावकाश, ऊर्जा बसली होती त्याच जागेत त्या गाडी घालू लागल्या.