उद्घाटनाचा नारळ

जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांनी नव्या शाळेच्या पायरीवर नारळ आपटला. नारळाला तडाही गेला नाही. पायरीचा कोपरा मात्र ढासळला.

“नारळच खमका निघाला!” म्हणत त्यांचा जावई हसला. ठेका त्याचाच, म्हणून मांडवही हसला.

बदलीच्या धाकाने ही इमारत अभियंता नेवगींनीच पास केली होती. रांगेतली पोरं आत निघाली, तसे ते धावत जाऊन दार अडवून उभे राहिले.

“साहेब,” त्यांनी हात जोडले, “पाया पडतो तुमच्या. आधी तुम्ही आत बसा, घटकाभरच. मग पोरांना सोडतो.”

अध्यक्षांनी मान वर करून स्लॅबकडे पाहिलं, मग जावयाकडे.

“आत फार उकडतं,” ते म्हणाले. “आम्ही मांडवातच बरे. पोरांना जाऊ द्या.”