घरून चालणारा कॉम्प्युटर

वर्ध्याच्या ऑफिसात प्रेरणा दीपमालाच्या खुर्चीत बसून तिच्या कॉम्प्युटरवर घरून जोडणी करून देणारं व्हीपीएन बसवत होती. दीपमालाच्या गावी, सेलूत ब्रॉडबँड आलं होतं, साहेबांनी तान्ह्या बाळासाठी परवानगी दिली होती, आणि आजपासून दीपमाला घरूनच हा कॉम्प्युटर चालवणार होती. प्रेरणा मात्र लेकीला सोडून रोज आर्वीहून एसटीनं यायची. फोनवरून ती दीपमालाला एकेक पायरी सांगत होती. पलीकडे बाळ खिदळलं, की प्रेरणाचा जीव जळायचा. पासवर्ड चुकीचा सांगावा, असंही मनात आलं. पण बरोबरच सांगितला. पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. "झालं वं बाई!" दीपमाला हरखली. "तुयी लेक कशी आहे?" "सासूबाईलेच आई म्हणून राह्यली." "मंग तूबी साहेबाले इचार ना." "इचारलं होतं, तुयाआधी. ते म्हणाले, तुमच्या घरी सासू आहे ना." पडद्यावरचा बाण जागीच थांबला.