शेवटच्या भागाची कॅसेट

दार उघडलं तशी तिने आधी बाळाचं नाक आपल्या खांद्यात लपवलं. मग स्वतःचा श्वास धरला.

आत काहीतरी सडत होतं. नासलेलं दूध, ओलं पोतेरं आणि त्याच्याही खाली काहीतरी मेलेलं.

"या, या. लेकरूही आणलंत?" म्हातारी दारातून बाजूला झाली. "वास येतो का हो? मला काही कळत नाही. ह्यांच्या मागोमाग माझं नाकही गेलं."

"छे, कसला वास?" नवरा रुमालाआडून म्हणाला.

सोफ्याला हात लावला तर तो चिकटला. ती उभीच राहिली. खिडक्या घट्ट लावलेल्या, कोपऱ्यात उघडा पत्र्याचा डबा, त्याचं झाकण शेजारी पडलेलं. डोक्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी, आणि तिला नुसतेच कपड्यांचे चिमटे. एकटा जीव, तिला वाटलं, धुणार काय आणि वाळत घालणार काय. तिला गलबलून आलं.

नवऱ्याची नजर मात्र टेबलावरच्या कॅसेटवर होती.

दीपगृहात राहणाऱ्या एका कुटुंबाची ती जुनी मालिका. तिच्या कॅसेटी, मग त्याच भागांच्या डिस्क, मग त्याच डिस्क घातलेले नवे पेटारे, असं सगळं त्याने जमवलं होतं. बाळाचा पाळणा स्वयंपाकघरात होता, कारण दुसऱ्या खोलीत दीपगृह होतं. नव्हती ती एकच कॅसेट, शेवटच्या भागाची पहिली आवृत्ती. तिच्यात बाप समुद्रातून परत येत नाही. लोकांनी इतकी बोंब मारली, की कंपनीने ती परत मागवली आणि बापाला जिवंत करून नवी काढली. पहिल्या अगदी थोड्या उरल्या होत्या. नकली मात्र पैशाला पासरी.

नकली तो नाकाने पकडायचा. कॅसेटची झडप उचलून फीत हुंगायचा, वेष्टन हुंगायचा. "डोळ्यांना फसवता येतं," तो चारचौघांत सांगायचा, "नाकाला नाही. जुन्या फितीला जुना वास, नव्या शाईला नव्या शाईचा." दुपटं ओलं झालेलं मात्र या नाकाला आजवर कधी कळलं नव्हतं.

आजही त्याने रुमाल काढला, झडप उचलली, नाक नेलं आणि घाईघाईने रुमाल परत लावला. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"लावून बघा ना," म्हातारी म्हणाली. "पण आमचं यंत्रही ह्यांच्याबरोबरच गेलं."

"नको, नको. दिसतेय." त्याने घसा खाकरला. "आजी, खरं सांगू? ही बुरशीने गेलेली आहे. फोनवर बोललो होतो तेवढी काही हिची किंमत नाही. निम्मे देतो."

ती नवऱ्याकडे बघतच राहिली. सकाळी गाडीत तोच म्हणाला होता, खरी निघाली तर आपण घर बदलू.

"निम्मे?" म्हातारीने कॅसेटवरून हात फिरवला. नखं स्वच्छ कापलेली, बोटांची टोकं तेवढी निळसर. थंडीने असतील. "शेवटच्या दिवसांत हे हीच बघायचे हो. बाप परत येत नाही तिथे माझा हात धरायचे. द्या काय द्यायचं ते. तुमच्याकडे नीट तरी राहील."

"अगदी जपून ठेवू," नवरा म्हणाला, साळसूद चेहऱ्याने.

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी, तिच्या मनात आलं. खोलीतला वास एकवेळ धुऊन निघेल.

खाली गाडीत बसल्यावर त्याने कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली आणि वर दुसरी पिशवी चढवली. "घाण तरी किती! घरी नेऊन दोन दिवस वाऱ्यावर ठेवतो, मग बघू." तो शीळ घालत होता. "म्हातारीला काही पत्ताच नाही गं, काय घेऊन बसली होती ते."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. अंघोळ करावीशी वाटते."

बाळाने तिचं बोट मुठीत धरलं. हेही उद्या ह्याच्याकडूनच शिकणार, कुणाचं दुःख कसं निम्म्या भावात घ्यायचं ते.

"मोजा वरच राहिला बाळाचा," ती म्हणाली.

"राहू दे. त्या घरातला मोजा परत घालणार आहेस?"

"आईने विणलाय."

सासूचं नाव निघालं तसा तो आरशात केस सारखे करू लागला. तिने पिशवी दुपट्यात सरकवली, बाळाला कडेवर घेतलं आणि जिना चढली. म्हातारीच्या हातात कॅसेट द्यायची, चुकलं म्हणायचं आणि यायचं. घरी काय तमाशा व्हायचा तो होवो.

वरच्या मजल्यावर पोचल्यावर तिने सवयीने श्वास धरला. थोड्या वेळाने सोडला. तो वास नव्हता.

दार नुसतंच लोटलेलं होतं. फटीतून खिडक्या सताड उघड्या दिसल्या, आणि सोफ्यावर अंथरलेली धुतलेली चादर. कोपऱ्यातल्या डब्यावर झाकण घट्ट बसलं होतं. म्हातारी पाठमोरी उभी होती, खांद्याने कानाशी फोन दाबून, हातांनी दोरीवरचं काहीतरी काढत. दोरीवर चिमट्यांना ओळीने वेष्टनं वाळत होती. दीपगृह, दीपगृह, दीपगृह. खोलीभर ताज्या शाईचा वास होता.

"नाही हो, एकच आहे," म्हातारी सांगत होती. "ह्यांची आठवण. शेवटच्या दिवसांत हीच बघायचे. खालच्या चौकात आहात? मग या ना आत्ताच. घर जरा घाण आहे, आधीच सांगते."

म्हातारीने फोन ठेवला आणि एकेक करून खिडक्या लावून घेतल्या. मग दोरीवरचा एक चिमटा काढला, स्वतःच्या नाकाला लावला आणि वाकून डब्याचं झाकण उघडलं.