शेजारची सीट

"एकटी चालवणार की जोडीने?" कंपनीच्या कारकुनाने विचारलं. ट्रकचं नवंकोरं लायसन्स मिळालेली ती ‘एकटी’ म्हणायचं घरूनच ठरवून आली होती. बाबांनी तीस वर्षं एकट्यानेच ट्रक चालवला. पण शब्द ओठांवर आला आणि तिला शाळेतली ती सुट्टी आठवली. आई आजारी म्हणून बाबांनी तिला आठ दिवस सोबत नेलं होतं. शेजारच्या सीटवर पाय हलवत ती वर्गातल्या भानगडी सांगायची आणि घरात चकार शब्द न काढणारे बाबा खदखदून हसायचे. परतल्यावर तिला उतरवून त्यांनी रिकाम्या सीटवरून हात फिरवला. "आता पुन्हा इंजिनाशी गप्पा," म्हणाले. ऑफिसातल्या बाकावर पिकल्या केसांची एक ड्रायव्हर जोडीला कुणी मिळतंय का याची वाट बघत होती. "मावशी, मी फार बडबड करते. चालेल?" तिने विचारलं. मावशीने शेजारची पिशवी उचलून जागा केली. "बस. पहिल्यापासून सांग."