गंजपरी

बडोद्यातल्या आपल्या घरी बसून संयोगिता कादंबरीसाठी पऱ्यांच्या जाती रचत होती. दवपरी झाली, धूळपरी झाली. मंगळवारी दुपारी तिनं गंजपरी लिहिली: बोटाएवढी, लोखंड खाऊन जगणारी.

बुधवारी सकाळी खिडकीच्या गजांवर बारीक खाचा दिसल्या.

तिचे वडील सुभानराव मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर होते. त्यांनी गजावरून अंगठा फिरवला.

"हे गंजानं झालेलं नाही," ते हळूच म्हणाले. "हे दात आहेत. ते पान फाडून टाक, बेटा."

"नाही फाडणार, बाबा. माझी परी आहे ती."

गुरुवारी दोन गज नाहीसे झाले होते. खाली चुरासुद्धा नव्हता. उरलेल्या गजांतून करकर ऐकू येत होती. सुभानरावांनी वहीकडे हात नेला, तशी संयोगितानं ती छातीशी धरली. मग ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"तू काय खायचंस ते मी लिहिणार," ती मोठ्यानं म्हणाली. "तू नाही ठरवायचंस."

करकर थांबली.

चौथ्या मजल्याच्या त्या खिडकीबाहेरून संयोगिताच्याच आवाजात उत्तर आलं, "मग लिही ना. भूक लागलीय."